आधी काठी, मग रिकामा हात

कराटेच्या वर्गात नवा विद्यार्थी आला की तो आधी ठोसे आणि लाथा गिरवतो. शस्त्राची पाळी आली तर फार उशिरा. फिलिपिन्समध्ये हा क्रम उलटा आहे. तिथल्या आर्निसच्या वर्गात नवख्याच्या हातात आधी वेताची काठी देतात. सेबू बेटावर याच विद्येला एस्क्रिमा म्हणतात, परदेशात काली.

काठी साधारण २८ इंचांची. वेत हलका आणि आतून भरीव असतो. तो कडकन मोडून टोकदार होत नाही, त्याचे तंतू पिंजत जातात. म्हणून रोजच्या सरावाला तो सोयीचा.

बहुतेक परंपरांत वारांना क्रमांक असतात, अनेक ठिकाणी बारा. एक डाव्या कानशिलावर, एक उजव्या, कुठला गुडघ्यावर, कुठला पोटात भोसकणारा. विद्यार्थी पहिल्यांदा शिकतो ते वार कोणत्या दिशेने येतोय हे ओळखायला. समोरच्याच्या हातात काठी असो, बोलो नावाचा कोयता असो की नुसती मूठ, तिरक्या वाराची वाट तीच राहते. दोन काठ्यांचा ‘सिनावाली’ हा सराव घोटून झाला की काठ्या खाली ठेवायच्या आणि त्याच हालचालींनी ठोसा अडवायचा, उलट ठोसा द्यायचा. या रिकाम्या हातांच्या लढतीला ‘मानो-मानो’ म्हणतात.

दोन्ही प्रकारांना जोडतो तो डावा हात. उजव्या हाताची काठी वार अडवत असताना तो प्रतिस्पर्ध्याचे मनगट दाबतो, कोपर ढकलतो, शस्त्र हिसकावतो. सेबूमध्ये १९३२ साली ‘दोसे पारेस’ ही संस्था स्थापन झाली. तिथून बाहेर पडलेल्या व्हेनान्सियो बाकोन यांनी १९५० च्या दशकात ‘बालिंतवाक’ ही शैली उभी केली. तिच्यात काठी एकच आणि अंतर अगदी कमी. त्यामुळे डाव्या हाताला क्षणाचीही उसंत नसते.

मात्र सगळेच जसेच्या तसे उचलता येत नाही. काठी मुठीत पकडता येते, धारदार पाते नाही. म्हणून पात्याशी गाठ असेल तेव्हा शस्त्र धरलेल्या हातावरच आधी वार करायला शिकवतात.

जुन्या सरावात हा वार खरोखरच हातावर बसे आणि शिकाऊ मुले पळून जात. नेग्रोस बेटावरच्या रेमी प्रेसास यांनी काठीवर काठी मारण्याचा सराव रूढ केला आणि ‘मॉडर्न आर्निस’ शाळांपर्यंत नेले.

डिसेंबर २००९ मध्ये कायदा होऊन आर्निस हा देशाचा राष्ट्रीय खेळ ठरला. २०१९ च्या आग्नेय आशियाई क्रीडा स्पर्धांत यजमान फिलिपिन्सने त्याच्या लढती भरवल्या. काही लढती वेताच्या काठीने, काही मऊ आवरणाच्या काठीने झाल्या. शिवाय एकेकट्याने सादर करायचे प्रकारही होते. पदके मिळाली ती काठीला. मानो-मानो बघायचे तर अजूनही एखाद्या गुरूच्या वर्गातच जावे लागते.