मे महिन्याची सुटी आणि मुलांचे इंग्रजी
(पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक परीक्षा संपली की आपल्या घरांतून पुस्तके माळ्यावर जातात. मग लग्नकार्ये, आंबे-फणस, आजोळ आणि क्रिकेट. त्याबद्दल माझी तक्रार नाही. सुटी ही सुटीसारखीच गेली पाहिजे. पण मार्चमध्ये जो मुलगा इंग्रजीचे पान सरळ वाचत होता, तो जूनमध्ये दर दुसऱ्या ओळीला अडखळतो, हे कोणताही शिक्षक आपणांस सांगेल. अमेरिकेत हॅरिस कूपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली या विषयावरचे ३९ अभ्यास एकत्र तपासले. उन्हाळी सुटीत मुले सरासरीने सुमारे एक महिन्याचे शिक्षण मागे जातात असे त्यांना आढळले. त्यातही गरीब घरांतील मुलांचे वाचन मागे पडले, सुस्थितीतील मुलांचे तसे पडले नाही. शाळा दोघांनाही बंदच होती. फरक घरात होता.

आपल्या मुलांच्या बाबतीत हा प्रश्न दहावीनंतर फार जड होतो. उर्दू किंवा मराठी माध्यमातून चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेली मुलगी अकरावी विज्ञानाच्या वर्गात बसते आणि सगळे इंग्रजीतून सुरू होते. विषय तिला समजत नाही असे नव्हे, वाक्य समजत नाही. दिवाळीपर्यंत ती गप्प होते आणि मग घरात कोणीतरी म्हणते, “झेपत नसेल तर राहू दे.” दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि अकरावीचे वर्ग भरायला जून उलटून जातो. तीन महिन्यांहून अधिक काळ हाताशी असतो, आणि नेमका तोच बहुतेक घरांत निकालाची वाट पाहण्यात जातो.

यावर उपाय म्हणून पालक मुलांना इंग्रजी संभाषणाच्या वर्गात घालतात, भरमसाट शुल्क भरतात. असे काही वर्ग चांगलेही असतात. पण ज्या मुलाने वर्षभरात गाइडखेरीज इंग्रजी पुस्तक हातात धरले नाही, तो बोलणार काय? आधी वाचन हवे.

आता एका मुलीची हकीकत सांगतो. रुकैया सखावत हुसेन, जन्म १८८०, बंगालच्या रंगपूर जिल्ह्यातील पायराबंद गावी. घराणे जमीनदाराचे, पडदा कडक. मुलींनी अरबी, फारसी, उर्दू शिकावे, बांगला आणि इंग्रजी नको, असा वडिलांचा दंडक. ती शाळेत कधी गेली नाही. रात्री घरातील मंडळी झोपल्यावर थोरल्या भावाने तिला मेणबत्तीच्या उजेडात इंग्रजी शिकवले. पुढे भागलपूरला नोकरीस असलेल्या पतीने प्रोत्साहन दिले. १९०५ साली मद्रासच्या एका इंग्रजी मासिकात तिची ‘सुलतानाज ड्रीम’ ही कथा छापून आली. त्या कथेतील राज्यात पुरुष मर्दान्यात बसतात आणि स्त्रिया विद्यापीठे चालवतात, सूर्याची उष्णता साठवतात, ढगांतून पाणी ओढून घेतात. याच बाईंनी १९११ मध्ये कलकत्त्यात मुलींची शाळा काढली.

ही कथा मी मुद्दाम सुचवतो. ती थोड्याच पानांची आहे, इंटरनेटवर विनामूल्य मिळते आणि नववी-दहावीच्या मुलांना हसवते. मुलींना तर फारच आवडेल. मुलगे थोडे रुसतील, रुसू द्या!

तशीच प्रेमचंदांची ‘ईदगाह’. मेळ्यात खेळणे न घेता दादीसाठी चिमटा घेणारा हामिद आपल्या घरांत सर्वांना ठाऊक आहे. तीच कथा इंग्रजी भाषांतरात वाचायला द्या. गोष्ट माहीत असल्यामुळे मुलाला दर ओळीला शब्दकोश उघडावा लागत नाही. नवा शब्द आपोआप अर्थाला जाऊन चिकटतो. अब्दुल कलामांचे ‘विंग्ज ऑफ फायर’ आणि त्याचा मराठी अनुवाद ‘अग्निपंख’ असेच शेजारी शेजारी ठेवून वाचता येतात. एक प्रकरण मराठीत, पुढचे इंग्रजीत. आर. के. नारायण यांचा ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ मधला स्वामी तर शाळा चुकवणारा मुलगा. त्याची ओळख करून द्यावी लागणार नाही.

मात्र यादी पालकांनी लादू नये. फ्लोरिडात गरीब वस्तीतील लहान मुलांना सलग तीन उन्हाळे दरवर्षी १२ पुस्तके स्वतः निवडून घरी नेऊ दिली, त्यांचे वाचन सुधारले. हा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. मुलाने क्रिकेटपटूचे चरित्र उचलले तर तेच चालेल. भुतांच्या गोष्टी उचलल्या तर त्याही.

अनेक माता मला म्हणतात, “आम्हांलाच इंग्रजी येत नाही, आम्ही काय मदत करणार?” भगिनींनो, आपण ऐकण्याचे काम करावयाचे आहे. मुलाने पान मोठ्याने वाचावे आणि मग तुमच्या घरच्या बोलीत, कोकणी असो की दखनी, ते सांगावे. सांगता सांगता कुठे अडला, तर तिथे त्याला कळलेले नाही, हे आपणांस लगेच समजेल. यासाठी पदवी लागत नाही. वडील किंवा चाचा आखातात असतील, तर आठवड्यातून एकदा त्यांना एक पान इंग्रजीत लिहायला लावा. आता सगळे फोनवर बोलणेच असते हे खरे, पण लिहिलेल्या पानाचा फोटो पाठवता येतोच. घरी काय शिजले, कोणाचे लग्न ठरले, विहिरीला पाणी किती आहे, एवढे विषय पुरेत. उत्तरात त्यांनी चुका काढू नयेत. पुढच्या पानाची मागणी करावी.

विद्यार्थी मित्रहो, फोन तुमच्या हातात असतोच. त्यावर आकाशवाणीच्या इंग्रजी बातम्या रोज ऐका आणि दोन बातम्या आठवून वहीत उतरवा. पहिल्या आठवड्यात निम्मे निसटेल, ऐकत राहा. वहीत सुटे शब्द लिहू नका, शब्द ज्या वाक्यात भेटला ते वाक्यच लिहा.

आणि मुलींविषयी थोडे बोलतो. सुटी लागली की मुलाला मैदान मिळते आणि मुलीला स्वयंपाकघर. मग ती वाचणार केव्हा? दुपारची भांडी झाली की चार वाजेपर्यंत तिला कोणी हाक मारायची नाही, एवढे घरात ठरवून टाका. त्या वेळेत भावाला तहान लागली, तर माठ कुठे आहे हे त्याला माहीत आहे.