रोजचे मैदान आणि रक्तातील मेद

उच्च रक्तदाबाच्या जोडीला कोलेस्टेरॉलही वाढलेले असेल, तर रक्तवाहिनीवर दुहेरी आघात होतो. वाढलेल्या दाबाने तिचे आतले अस्तर दुखावते आणि तेथेच एलडीएल, म्हणजे कोलेस्टेरॉल शरीरभर वाहून नेणारे कण, अधिक सहज साचू लागतात. नियमित व्यायामाचा उपयोग दोन्हींवर होतो, पण सारखा नाही. भरभर चालणे, पोहणे, सायकल चालवणे यांनी अशा रुग्णांचा वरचा दाब सरासरी ५ ते ८ अंकांनी उतरतो. रक्तातील ट्रायग्लिसराइड ही चरबी घटते, कारण राबत्या स्नायूंतील एक विकर तिचे विघटन करते, आणि एचडीएल हे हितकारक समजले जाणारे कण थोडे वाढतात. एलडीएल मात्र नुसत्या व्यायामाने फारसे हलत नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

लंडनच्या दुमजली बसमधील जिने दिवसभर चढणाऱ्या वाहकांना बैठ्या चालकांपेक्षा हृदयविकार कमी होतो, हे जेरेमी मॉरिस यांनी १९५३ साली मांडले. जिन्याचा विषय निघाला की प्रस्तुत वक्त्याला याच शाळेचा जिना आठवणे अटळ आहे. घंटा होताच त्यावरून मैदानाकडे धावणारी झुंबड, लेझमीचा ताल, खो-खोच्या खांबाला घातलेला वळसा, मलखांबाला चोळलेल्या एरंडेल तेलाचा वास, आणि अंधार पडला तरी शिट्टी न फुंकणारे क्रीडाशिक्षक. त्या मैदानाने जे दिले ते साठवून ठेवता आले नाही, कारण व्यायाम थांबला की त्याचा लाभ काही आठवड्यांतच ओसरू लागतो. म्हणूनच दहावी आली म्हणून मैदान सुटता कामा नये, क्लासच्या वेळेपायी सुटता कामा नये, नोकरी लागल्यावरही सुटता कामा नये. जागतिक आरोग्य संघटना मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटे सांगते. वेळापत्रकातला खेळाचा तास गणिताला देणाऱ्यांनी हा आकडा पाहावा.

पुढच्या रांगेतील ज्या गुरुजनांची आणि पालकांची रक्तदाबाची किंवा कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे, त्यांनी चालणे सुरू केले म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नये, आणि दाब १८०/११० च्या वर असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. विश्वस्तांना विनंती एवढीच, की सकाळी शाळा भरण्यापूर्वी तासभर मैदानाचे फाटक पालकांसाठीही उघडे ठेवावे. मुलांना सोडायला आलेले कितीतरी जण फाटकाबाहेर दुचाकीवरच बसून असतात.