परत आलेली ताटं



आहारतज्ज्ञांच्या या सभेच्या अध्यक्षपदाचं पत्र घरी आलं तेव्हा यजमानांनी एवढंच विचारलं, ‘म्हणजे आता तिथल्याही आमटीत मीठ कमी का?’ आपल्या धंद्याबद्दल लोकांचं मत काय आहे ते यात आलं. आपण म्हणजे ‘हे खाऊ नका’ सांगणारी माणसं.

स्वागताध्यक्षांनी माझी ओळख करून देताना प्रशासन, अध्यापन आणि संशोधन असे तीन कप्पे केले. ऐकायला छान वाटलं. पण मला हे कप्पे कधी वेगळे ठेवता आले नाहीत, कारण तिन्हींची सुरुवात एकाच जागी झाली. ती जागा म्हणजे एका मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरामागची मोरी, जिथे वॉर्डांतली उष्टी ताटं परत येतात.

नोकरीला लागले तेव्हा मला एक टेबल, एक रजिस्टर आणि इंडेंटची वही मिळाली. सकाळी वॉर्डांतून चिठ्ठ्या यायच्या: फुल डाएट इतके, सॉफ्ट इतके, सॉल्ट-फ्री इतके, नळीतून द्यायचं आरटी फीड इतके. त्यांची बेरीज करायची, तांदूळ-डाळ-दुधाचा हिशेब लावायचा, सही करायची. कॅलरी आणि प्रथिनं कागदावर चोख बसत होती. महिनाभर मी खूश होते. मग एका दुपारी गाळणी शोधत मोरीकडे गेले, तर भात पिंपात ओतला जात होता. भांडी घासणाऱ्या मावशी म्हणाल्या, ‘मॅडम, हा रोजचाच. सर्जरीचा सगळ्यात जास्त.’

‘सर्जरीचा सगळ्यात जास्त’ हे मावशींना ठाऊक होतं, मला नव्हतं. माझ्याकडे पदव्युत्तर पदवी होती.

दुसऱ्या दिवसापासून मी भाजी मोजायचा काटा मोरीपाशी नेला. पाठवलेलं अन्न वजा परत आलेलं अन्न, वॉर्डवार. मुकादमांना वाटलं, मी चोरी पकडायला आले आहे. आठ-दहा दिवस कुणी माझ्याशी धड बोललं नाही. आकडे जमल्यावर मी वॉर्डांत जाऊन बसले, दोन्ही जेवणांच्या वेळी. मला वाटलं होतं, लोक चवीला नावं ठेवत असतील. काही ठेवत होतेही. पण बहुतेक ताटं वेगळ्याच कारणांनी परत येत होती. ट्रॉली यायची त्याच वेळी मोठ्या डॉक्टरांचा राऊंड असायचा, मग ताट झाकलेलं राहायचं आणि गार व्हायचं. सोनोग्राफीसाठी सकाळपासून उपाशी ठेवलेला माणूस दुपारी अडीचला वर यायचा, तेव्हा ट्रॉली कधीच खाली गेलेली असायची. उजव्या हाताला सलाईन आणि ताट डावीकडच्या लॉकरवर. कवळी घरी राहिलेली. रात्रीचं जेवण सहालाच वाढलं जायचं, कारण पाळी साडेसातला सुटायची. मग रात्री नऊला भूक लागली की खाली टपरीवरचा वडापाव, मधुमेहाच्या रुग्णालासुद्धा.

अमेरिकेतल्या चार्ल्स बटरवर्थ या डॉक्टरांनी 1974 मध्ये रुग्णालयांतल्या कुपोषणावर एक लेख लिहिला होता, तो मी पुढे बऱ्याच वर्षांनी वाचला. रुग्णाचं वजन-उंची न नोंदवणं, तपासण्यांसाठी जेवणं चुकवणं, दिवसेंदिवस नुसत्या ग्लुकोज-सलाईनवर ठेवणं, तो किती खातो याकडे कुणाचं लक्ष नसणं, अशी यादीच त्यात आहे. वाचताना वाटलं, हा गृहस्थ आमच्या मोरीत येऊन गेला असावा.

प्रशासन म्हणजे काय, ते मला पुढच्या दोन वर्षांत कळलं. रात्रीचं जेवण सहाऐवजी साडेसातला न्यायचं, एवढीच मागणी. त्यासाठी तीन खात्यांच्या सह्या, युनियनशी चार बैठका आणि लिफ्टमनची पाळी बदलणं. शेवटी सात वाजता तडजोड झाली. माझ्या कारकिर्दीतलं सगळ्यात मोठं यश कोणतं असं कुणी विचारलं, तर मी हा एक तास सांगते. लोकांना वाटतं मी विनय करते आहे.

आता शिकवण्याबद्दल. एकदा माझ्या एका हुशार विद्यार्थिनीनं सोलापूरकडच्या रुग्णाला आहार लिहून दिला: ‘दुपारी दोन भाकरी.’ पुस्तकाप्रमाणे एका भाकरीचं पीठ 30 ग्रॅम धरलं होतं. पंधरा दिवसांनी बाई नवऱ्याला घेऊन परत आल्या; माणूस नेमानं दोनच भाकऱ्या खात होता आणि साखर काही उतरत नव्हती. मी बाईंना म्हटलं, तुमच्या हातची भाकरी करून आणा. आणली. ताटाएवढी, नव्वद ग्रॅम पीठ तरी असेल. मुलीनं सहा फुलक्यांइतकं लिहून दिलं होतं आणि तिला वाटत होतं दोनच्या जागी दोन. दुसऱ्या वेळी याच्या उलट झालं. ‘एक वाटी वरण’ असं लिहिलं, आणि घरची वाटी निघाली देवापुढच्या नैवेद्याची.

म्हणून ‘काल सकाळी उठल्यापासून काय काय खाल्लंत?’ हा प्रश्न मी मुलींना दोन महिने नुसता विचारायला लावते. 1972 पासून नॅशनल न्यूट्रिशन मॉनिटरिंग ब्यूरोचे लोक ठरावीक मापांच्या वाट्या घेऊन खेड्यापाड्यांत घरोघर जात, त्यामागे हीच अडचण होती. आपल्याजवळचे तक्तेही जिनसांचे आहेत. 2017 च्या भारतीय अन्नघटक तक्त्यांत 528 खाद्यवस्तू आहेत, पण पिठलं बेसनातून आणि तेलातून तुम्हालाच काढावं लागतं. आणि तेल किती, ते फक्त फोडणी घालणारीला माहीत असतं.

डायलिसिसच्या वॉर्डात तर ‘काय खाल्लं’ हा प्रश्न जिवावरचा आहे. भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा शहाळं आणतो. आपल्याकडे आजाऱ्याला शहाळं न्यायचं असतं, तसं शिकूनच आपण मोठे झालो. एका शहाळ्यात अर्धा ग्रॅम किंवा त्याहून जास्त पोटॅशियम, आणि या रुग्णांना दिवसभराची मुभा दोन ग्रॅमच्या आसपास. ‘शहाळं बंद’ असं लिहून भागत नाही, कारण पाहुण्यानं फाईल वाचलेली नसते. आम्ही एका रुग्णाच्या आईला विचारलं, मग काय आणायला सांगू? ती म्हणाली, ‘घरची कुरडई सांगा, ह्याला आवडते.’ तीही खारट! हसू नका, शेवटी पेरूची एक फोड ठरली, मोजून.

संशोधनाकडे येते. आमच्याच पुण्यात केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये आसपासच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोच्या आसपास भरली. सगळ्यांचा अंदाज होता की आईच्या पोटात उष्मांक आणि प्रथिनं किती गेली यावर बाळाचं वजन ठरेल. तसा संबंध काही दिसला नाही. संबंध दिसला तो पालेभाजी आणि फळं किती वेळा खाल्ली त्याच्याशी. माझ्यासारख्या बेरीज करणाऱ्या बाईची या निष्कर्षानं झोप उडवली. ‘मेथी कधी केली होती? तुझ्या वाटणीला आली का?’ हे विचारणारं कुणीतरी त्या अंगणात बसलं होतं, म्हणून तो आकडा हाती आला.

डॉ. कमला सोहोनींचं नाव या सभेत घ्यायलाच हवं. सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून त्यांना आपल्या संस्थेत आधी प्रवेश नाकारला, मग वर्षभराच्या परीक्षेवर घेतलं. 1939 मध्ये त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली, नंतर कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत काम केलं आणि पुढे मुंबईत डाळी-कडधान्यांवर आणि नीरेवर. त्यांच्या सख्ख्या बहिणीनं, दुर्गाबाई भागवतांनी, ‘खमंग’ लिहिलं. एका घरात प्रथिनाचं रसायन आणि फोडणीचा वास दोन्ही गंभीरपणे घेतले गेले, याचा मला हेवा वाटतो. आपल्या अभ्यासक्रमात पहिल्या बहिणीचं थोडंफार आलं आहे. दुसरीला अजून दाराबाहेर उभं केलं आहे.

2021 च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात पोषणशास्त्रातल्या व्यावसायिकांना स्वतंत्र जागा मिळाली. चांगलं झालं, उशिरा झालं. नोंदणी हवीच, दोन महिन्यांचा कोर्स करून पावडरचे डबे विकणाऱ्यांना आणि आपल्याला लोक एकाच नावानं हाक मारतात. पण नोंदणीच्या अर्जात एक रकाना असता तर मला आवडलं असतं: ‘शेवटचं ताट कधी वाढलंत?’

पुढच्या वर्षीच्या निबंधवाचनासाठी मी एक अट सुचवली आहे आणि कार्यकारिणीनं कुरकुरत का होईना, ती मानली आहे. रुग्णालयातल्या आहारावरच्या प्रत्येक निबंधात ‘दिलं’ आणि ‘खाल्लं’ असे दोन वेगळे स्तंभ हवेत. दुसरा स्तंभ रिकामा असेल तर निबंध भिंतीवर लावू, व्यासपीठावर नाही.

पाऊण वाजला आहे. जेवणात आज भरली वांगी आहेत असं कळलं. संयोजकांची परवानगी घेऊन ठेवली आहे: पहिली पंगत उठेल तेव्हा मागच्या दारी, ताटं जमा होतात तिथे, मी काटा घेऊन उभी असेन. ज्यांना हात ओले करायची तयारी असेल त्यांनी यावं. ॲप्रन दोनच आहेत.