पदार्थविज्ञानाकडून गणकयंत्राकडे

गेल्या पावसाळ्यांत बीड जिल्ह्यांतील कपिलधार येथें मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनास गेलों होतों. बरोबर भाचा होता. पदार्थविज्ञानांत एम्.एस्सी. होऊन त्यानें संशोधनास आरंभ केला. पण पुढें तें सोडून गणकयंत्राची, आजच्या भाषेंत संगणकाची, नोकरी पत्करली. घरांत एकच हळहळ : इतकीं वर्षें फुकट गेलीं!

धबधब्यापुढें उभे असतां तीच खंत मीं बोलून दाखविली. तो म्हणाला, "मामा, पाणी कोणत्या नियमानें वाहतें हें दीडशें वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. पण या खळाळाचें गणित हातानें सुटत नाहीं. तें यंत्रावरच मांडावें लागतें. मी पुराच्या पाण्याचीं गणितें मांडतों. प्रयोगशाळा सुटल्याची रुखरुख मात्र आहे."

मला मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची आठवण झाली. पदार्थविज्ञानाच्या संशोधनाकरितां डॉ. होमी भाभांनीं १९४५ सालीं स्थापिलेल्या या संस्थेंतच आर. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं गणकयंत्र घडलें. १९६० सालीं तें पूर्णपणें चालूं झालें; पुढें त्यास 'टिफ्रॅक' हें नांव मिळालें. सुमारें २,७०० निर्वात नळ्या, आणि स्मृति अवघ्या २,०४८ शब्दांची! नरसिंहन् वगळतां तें घडविणाऱ्यांपैकीं कोणीं पूर्वीं गणकयंत्र वापरलेंहि नव्हतें. आपली विद्या घेऊनच तीं माणसें नव्या वाटेनें गेलीं.

परततांना 'फुकट' हा शब्द मीं पुन्हां उच्चारला नाहीं. वडील मंडळींनीं मुलास आधीं एवढेंच विचारावें : बाबा, तूं कोणता प्रश्न सोडवीत आहेस? वर्षांचा हिशेब मग मांडावा.