उन्हाळा आणि आपले मुके सोबती

माळव्याच्या शीतल रात्रींचा लौकिक मोठा. पण मे महिन्यातील दुपारी आपल्या तुकोगंजातला डांबरी रस्ताही पाय पोळवितो. आपल्या अंगावरील घाम वाळला की आपण निवतो. कुत्र्याला ही सोय नाही. त्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या तळव्यांत. म्हणून तो जीभ बाहेर काढून धापा टाकीत अंगातील उष्मा घालवितो. कोंदट खोलीत तोही उपाय थिटा पडतो. सावली, खेळता वारा, पसरट मातीच्या भांड्यात पाणी आणि उजाडताच फेरफटका, एवढे त्यास पुरे. धाप थांबेना, तोल जाऊ लागला, तर अंगावर साधे पाणी ओतून पशुवैद्य गाठावा.

खरी कसोटी सुट्टीत लागते. मंडळी गावी जातात, आणि कुत्रे? गच्चीवर बांधलेले, नाहीतर दूर कोठेतरी सोडून दिलेले. पाळलेल्या जनावरास अन्न, पाणी, निवारा न देणे किंवा उपाशीतापाशी टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरविला. पहिल्या गुन्ह्यास दंड मात्र त्याने ठेवला फार तर पन्नास रुपये! तेव्हा धाक कायद्याचा नव्हे. आगगाडीची तिकिटे काढण्यापूर्वीच शेजाऱ्यांना विचारावे, "आमच्या मोत्याला आठ दिवस सांभाळाल का?" ते नाही म्हणाले, तर घरातील एकाने मागे राहावे.