एकट्याला वेड्यात काढता येतं

(फुलंब्री इथं युवकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय जरा जड शब्दांचा आहे. 'कथासाहित्यातील मानसिक फसवणूक आणि बेभरवशाचं वास्तव'. विषय ऐकून मागच्या रांगेतले दोघं चहाला उठले, ते मी पाहिलं. त्यांना दोष देत नाही. असले विषय चर्चासत्रात, पंख्याखाली, पाण्याच्या बाटल्या समोर ठेवून बोलायचे असतात असा एक समज आहे. तो समज मोडायलाच मी आलोय. कारण हा विषय आपण पुस्तकात वाचायच्या आधी अंगावर काढलेला आहे.

मी याच भागातला. आय कापूस वेचायला जायची, मी तिच्या मागं मागं. मालकाच्या गोठ्याच्या भिंतीत एक देवळी होती. तिच्यात एक कप पालथा घातलेला असायचा. कान तुटलेला. आय तो कप काढायची, धुवायची. वरून चहा ओतला जायचा. ती अर्धा प्यायची, अर्धा मला द्यायची, परत कप धुवून देवळीत पालथा घालायची. मी एकदा विचारलं, हा कप घरात का नाही? आय म्हणाली, "आपला कप येगळा हे बाळा. त्याच्यात दुसरं कोनी पेत न्हाई. मानाचा कप हे त्यो."

मी आठ-नऊ वर्षांचा. त्या मानाच्या कपावर मी वर्षभर फुशारकी मारली. शाळेत पण सांगितलं. एक पोरगं फिस्सकन हसलं आणि म्हणालं, "मानाचा कशाचा? बाटलेला कप हे तो." मी रडत गुरुजींकडं गेलो. गुरुजी समजूत घालत म्हणाले, "तसं काही नसतं रे. सोयीसाठी ठेवतात वेगळा. तुझ्याच डोक्यात नको ते भरलंय."

बघा. कप एक. गोष्टी तीन. आय म्हणते मानाचा, पोरगं म्हणतं बाटलेला, गुरुजी म्हणतात सोयीचा. आणि तिघांत खरं कोण बोललं? जो शिवी देत होता तो. ज्याचं माझ्यावर प्रेम होतं ती खोटं बोलली, आणि ज्याला मी न्याय मागितला त्यानं मलाच वेड्यात काढलं. माझं साहित्यशिक्षण त्या दिवशी सुरू झालं.

आता एक गोष्ट सांगतो, ती तुम्हा सगळ्यांना येते. एक ब्राह्मण खांद्यावर बोकड घेऊन चाललाय. वाटेत तीन ठक. एक म्हणतो, महाराज, कुत्रा कशाला खांद्यावर घेतला? पुढं दुसरा, पुढं तिसरा. शेवटी ब्राह्मण बोकड टाकून पळतो आणि ठक बोकड खातात. शाळेत तात्पर्य काय सांगितलं? लोकांचं ऐकू नये. विषय संपला.

पण ही गोष्ट पंचतंत्राच्या तिसऱ्या तंत्रात नीट वाचा. दोन गोष्टी सापडतात. एक : हितोपदेशात तिन्ही ठक कुत्राच म्हणतात, पंचतंत्रात तसं नाही. एक म्हणतो कुत्रा, दुसरा म्हणतो मेलेलं वासरू, तिसरा म्हणतो गाढव. म्हणजे खोटं बोलणाऱ्यांचं आपसात जुळतही नाही! जुळायची गरजच नाही. त्या माणसाचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला म्हणजे झालं. त्याला वाटतं, हा बोकड नाहीच, रूप पालटणारा राक्षस आहे. दुसरी गोष्ट : ठक त्याला नुसतं कुत्रा म्हणून थांबत नाही, शास्त्र ऐकवतो. कुत्रा, कोंबडा आणि चांडाळ यांचा विटाळ सारखाच, असं ते शास्त्र. मी शाळेत वाचलेल्या गोष्टीत हे नव्हतं. ठकाचं हत्यार विटाळाची भीती आहे. ती भीती ब्राह्मणाच्या मनात आधीच भरलेली होती, ठकानं फक्त ती उपसली.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे कुणी सांगत नाही : तो एकटा होता. बरोबर एक सोबती असता आणि तो म्हणाला असता, "मित्रशर्मा, बोकडच आहे, चल," तर तीन काय तीस ठक आले असते तरी काही झालं नसतं. माझ्या आजच्या भाषणाचा सांगावा एवढाच. एकट्याला वेड्यात काढता येतं. दोघांना काढायला फार जड जातं.

इंग्रजीत या प्रकाराला 'गॅसलाइटिंग' म्हणतात. पॅट्रिक हॅमिल्टनचं १९३८ चं नाटक, 'गॅस लाइट'. १९४४ साली इन्ग्रिड बर्गमनला घेऊन हॉलिवूडनं त्याच्यावर सिनेमा काढला. घरातला गॅसचा दिवा आपोआप मंद होतो, बायकोला ते दिसतं, नवरा तिला भ्रमिष्ट ठरवतो. दिवा त्याच्याच करणीनं मंद होत असतो. शब्द आता मोबाईलवर सगळ्यांच्या तोंडी आहे. पण आपल्याकडं 'वेड्यात काढणं' हा शब्द कधीचा आहे. त्यात 'काढणं' हे क्रियापद बघा. माणूस वेडा नसतो, त्याला त्यात काढतात.

मराठीत याचं सगळ्यात धारदार उदाहरण पांढरपेशा रंगभूमीवरच आहे. विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे', रंगायननं १९६७ साली केलेलं. नाटक्यांची टोळी गावात प्रयोगाला येते. वेळ जात नाही म्हणून खोटा खटला खेळायचं ठरतं. आरोपी लीला बेणारे, आरोप भ्रूणहत्येचा. सगळे म्हणतात, खेळ आहे. खेळता खेळता तिचं खरं आयुष्य पिंजऱ्यात ओढतात. सामंत नावाचा गावचा साधा माणूस साक्षीदार म्हणून उभा करतात. त्याला काही माहीत नाही, तर तो हातातल्या कादंबरीतून वाचून साक्ष देतो. कादंबरीतलं वाक्य कोर्टात पुरावा होतं! शेवटी पोटातला गर्भ नष्ट करण्याची शिक्षा ठोठावतात, आणि मग हेच लोक तिला समजावतात, मनाला लावून घेऊ नको, खेळच तर होता.

'खेळच तर होता.' हे वाक्य आपल्याला नवीन आहे का? 'गंमत केली रे.' 'तुला विनोद कळत नाही.' 'तुम्ही लोक फार मनाला लावून घेता.' बेणारे मध्यमवर्गातली शिक्षिका आहे, वस्तीतली नाही, पण तिच्या बाजूनं 'खेळ नव्हता' असं म्हणणारा एकही माणूस त्या खोलीत नाही. ती आणि तो बोकडवाला एकाच वाटेवरचे.

आता समीक्षकांकडं वळू. अमेरिकन समीक्षक वेन बूथ यानं १९६१ साली 'बेभरवशाचा निवेदक' ही कल्पना मांडली. गोष्ट सांगणाराच गंडवणारा किंवा गंडलेला असेल तर वाचकानं ते ओळखायचं. ठीक आहे. पण मला विचाराल तर मराठी कथेतला सगळ्यात बेभरवशाचा निवेदक 'मी' म्हणणारा नव्हताच. तो होता सगळं जाणणारा, शांत आवाजाचा, गावाचं सुंदर वर्णन करणारा निवेदक. नदी, देऊळ, पार, पाटलाचा वाडा, सगळं त्याला दिसायचं. वेशीपर्यंत त्याचे डोळे घारीचे, आणि वेशीबाहेर गेला की रातांधळा. तो एकही खोटं वाक्य लिहीत नव्हता. फक्त देवळीतला कप लिहीत नव्हता. अशा वर्णनात वाढलेल्या पोरानं कप पाहिला की त्याला वाटणार, मलाच भास होतोय.

हा भास आहे की वास्तव, याचा निकाल बाबुराव बागूलांनी लावला. 'जेव्हा मी जात चोरली होती', साल १९६३. निवेदक 'मी' आहे. रेल्वेत कामाला लागलेला, सुरतेकडं आलेला. खोली मिळावी, जगता यावं म्हणून तो जात सांगत नाही. म्हणजे सरळसरळ बेभरवशाचा निवेदक! सगळ्यांना फसवतो. पण वाचताना कळतं की फसवणूक त्यानं सुरू केलेली नाही. लोक त्याला मान देतात, डोक्यावर घेतात. जात कळते, आणि तेच लोक त्याला तुडवतात. माणूस तोच, हात तेच, बुद्धी तीच. बदलली ती फक्त भोवतीची गोष्ट. बोकडाचा कुत्रा झाला. शेवटी त्याला वाचवायला काशिनाथ येतो. त्याच्याच जातीचा, पण जात न लपवता सुरा घेऊन उभा राहणारा. आणि मार खाल्लेला निवेदक म्हणतो की मला या माणसांनी मारलं नाही, मनूनं मारलं. मला त्या गोष्टीत कायम एक टोचतं. काशिनाथ सगळा वेळ तिथंच होता. निवेदकानं त्याच्यापासूनसुद्धा जात चोरली. दुसरा साक्षीदार हाताशी असून तो एकटा राहिला.

मला हे टोचतं कारण मी तेच केलंय. पुण्यात खोली शोधत होतो. घरमालकानं आडनाव विचारलं, मी गावाचं नाव लावून एक आडनाव सांगितलं. सात महिने राहिलो. माझ्याच वस्तीतला एक मित्र भेटायला आला, तर मी त्याला कोपऱ्यावरच्या टपरीवर नेलं, खोलीवर नेलं नाही. तो काही बोलला नाही. त्याचा तो न बोलण्याचा चेहरा मला अजून दिसतो. आजही खोली नाकारताना 'जात' असा शब्द कुणी काढत नाही. 'आम्हाला व्हेजवालेच पाहिजेत' म्हणतात. तुम्ही म्हणालात की हे जातीचं आहे, तर उत्तर तयार असतं : तुमच्याच डोक्यात जात आहे. माझे गुरुजी मेले, वाक्य जिवंत आहे.

एकटेपणाचं टोक बघायचं तर टोनी मॉरिसनची पहिली कादंबरी वाचा, 'द ब्लूएस्ट आय', १९७०. ज्या अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडं बघून १९७२ साली मुंबईत पँथर उभी राहिली, त्याच काळ्यांच्या जगातली ही गोष्ट. पिकोला नावाची काळी पोरगी. गोऱ्यांच्या जगानं तिला इतकं कुरूप ठरवलंय की तिला निळे डोळे पाहिजेत. शेवटी वेड लागून तिला वाटतं, मिळाले. आणि ती कुणाशी बोलते? मनातल्या मनात तयार केलेल्या मैत्रिणीशी. साक्षीदार कुणी नाही म्हणून तिनं डोक्यात एक जन्माला घातला.

दया पवारांचं 'बलुतं', १९७८. तिथंही दोघं आहेत. दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार ऐकतो. एकाच माणसाचे दोन तुकडे. पण पिकोलाचा दुसरा तुकडा तिला भ्रमात ढकलतो, दगडूचा दुसरा तुकडा लिहून घेतो. वेड आणि साहित्य यांत मला एवढाच फरक दिसतो. लिहिलेलं तिसऱ्याच्या हातात जातं. तो म्हणतो, अरे, आमच्याकडं पण असाच कप होता.

मराठवाड्याला हे सांगायची गरज नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळानं विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला, आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. पोचीराम कांबळेंना मारलं. त्याला शब्द कोणता पडला? 'दंगल'. दंगल म्हटलं की दोन बाजू आल्या, दोन्हीकडं काठ्या आल्या. एका शब्दानं जळालेल्याला जाळणाऱ्याच्या शेजारी उभं केलं. नामविस्तार १४ जानेवारी १९९४ ला झाला. साडेपंधरा वर्षं. त्या काळात ज्यांनी 'दंगल नव्हे, हल्ला' असं लिहिलं, छापलं, वाटलं, त्यांनी आपल्याला वेड लागू दिलं नाही.

आता जरा कडू बोलतो. वेड्यात काढायची विद्या आपणही शिकलोय. बैठकीत एखादी पोरगी म्हणते, चळवळीतही मला चहा करायलाच पाठवतात. आपण काय म्हणतो? आत्ता हा विषय नको, तुझा गैरसमज झालाय. बेबीताई कांबळेंनी 'जिणं आमुचं' घरच्यांपासून लपवून लिहिलं, वर्षानुवर्षं. ते काही गावच्या पाटलाच्या भीतीनं नव्हे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांना १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' असं पुस्तकाचं नाव ठेवावं लागलं. त्यातला तो 'ही' आपल्या तोंडावर मारलेला आहे. आपल्या घरात बेणारे उभी असेल आणि आपण खटला चालवत असू, तर मनूला शिव्या देऊन उपयोग नाही.

गेल्या वर्षी मी आयला विचारलं. ती आता थकलीय. म्हटलं, आय, तो कप मानाचा नव्हता हे तुला माहीत होतं ना? ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मला म्हाईत व्हतं. तुला म्हाईत नको व्हतं." मी विचारलं, मग पुढं तरी का नाही सांगितलं? म्हणाली, "तू कधी इचारलंच न्हाई."

चाळीस वर्षं आम्ही दोघं एकाच घरात एकेकटे होतो.

म्हणून काम सांगतो. प्रत्येकानं घरी जाऊन एका म्हाताऱ्या माणसाला विचारा, तुमचा कप कुठं असायचा. जे सांगतील ते लिहा, त्यांच्याच बोलीत. शुद्धलेखनाची काळजी करू नका, ते आपण बघू. लिहिलेलं आधी दुसऱ्या एकाला मोठ्यानं वाचून दाखवा, मग अंकाकडं पाठवा. चहाला गेलेले दोघं आलेत, त्यांनाही हे सांगा.

जयभीम.