तलफ आणि नेम
(कलशारोहण सोहळ्यानिमित्त मंदिराच्या सभामंडपात झालेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते तालुका कचेरीत लिपिक असून आपल्याच गावचे रहिवासी आहेत.)



समितीने मला व्यसनमुक्तीवर चार शब्द बोलायला सांगितले, तेव्हा मी प्रथम नाही म्हटले. मी एस.एस.सी.पर्यंत शिकलेला, टेबलावर बसून आवक-जावक पाहणारा कारकून. भाषणाचा मला सराव नाही. पण समितीतले एक वडीलधारे म्हणाले, "तू सुपारीचे खांडसुद्धा तोंडात टाकत नाहीस, तूच बोल." ते ऐकून मला अवघडल्यासारखे झाले. दारू, विडी, तंबाखू यांना मी कधी शिवलो नाही हे खरे. माझे वडील माळकरी होते, त्यामुळे घरात तो विषयच नव्हता. तरीही मला दहा वर्षे व्यसन होते. ते कोणाला व्यसन वाटत नव्हते, एवढेच. माझे व्यसन होते कोल्ड्रिंकचे. काळ्या, फसफसणाऱ्या, गोड बाटलीचे.

काही मंडळी हसली. हसण्यासारखेच आहे. मीही दहा वर्षे हसण्यावारीच नेत होतो.

आमच्या लहानपणी हे पेय जत्रेतले होते. गोटीची बाटली असायची. गोटी आत दाबली की फस्स असा आवाज यायचा आणि आम्ही पोरे टाळ्या पिटायचो. ही गोटीची बाटली हिराम कॉड नावाच्या एका इंग्रजाने १८७२ च्या सुमारास शोधून काढली. पुढे १९७७ मध्ये परदेशी कोला कंपनी देशातून गेली, देशी कोला आले आणि १९९३ मध्ये परदेशी कंपनी परत आली. नंतर प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि दुकानादुकानात फ्रीज आले. जी वस्तू वर्षातून एकदा मिळायची ती दारात येऊन बसली. जत्रा रोज भरली तर तिला जत्रा म्हणत नाहीत, पण आपण ते विसरलो.

मी २००९ साली शिपायाचा कारकून झालो. त्या उन्हाळ्यात चहाने पित्त होऊ लागले. कोणीतरी म्हणाले, "जेवणावर गार बाटली घेत जा, ढेकर येतो, अन्न पचते." मी घेतली. ढेकर आला. मला वाटले, औषध सापडले. तो ढेकर अन्न पचल्याचा नसतो, हे मला फार उशिरा कळले. कार्बन डायॉक्साइड वायू दाबाने पाण्यात विरघळवलेला असतो, तोच पोटात सुटून वर येतो. उलट कित्येकांचे पित्त त्याने वाढते. माझेही वाढत होते आणि पित्त वाढले म्हणून मी आणखी एक बाटली घेत होतो. अशा रीतीने दुपारी तीनला एक आणि संध्याकाळी कचेरी सुटताना एक, असा नेम पडला.

आता एक गोष्ट सांगतो. ती सांगण्यासाठीच मी इथे उभा राहण्याचे कबूल केले.

दुपारच्या बाटलीचे पैसे पुष्कळदा मी देत नव्हतो. दाखल्यासाठी, नकलेसाठी आलेली माणसे "भाऊसाहेब, थंड घ्या" म्हणत बाटली टेबलावर ठेवीत. मी कधी मागितली नाही. पैशाला तर कधी हात लावला नाही. न मागता मिळाले ते घेतले तर त्यात दोष नाही, असे मी मनाला समजावले होते.

मे २०१९ मधली गोष्ट. वाडीवरच्या एक विधवा मावशी निराधार योजनेसाठी उत्पन्नाचा दाखला न्यायला आल्या. त्यांचा दाखला सही होऊन माझ्या खणात दोन दिवस पडून होता. त्यांना बाहेर कोणीतरी सांगितले होते की, भाऊसाहेबांना थंड आवडते. मावशींनी पदराखालून बाटली काढून टेबलावर ठेवली. उन्हातून आणल्यामुळे ती कोमट झाली होती. मी ती घेतली, प्यायलो आणि दाखला दिला.

संध्याकाळी मोटारसायकलवरून येताना त्या मला रस्त्याने पायी जाताना दिसल्या. वाडी अजून दीड कोस दूर होती. मी विचारले, "मावशी, एस.टी. चुकली का?" त्या हसून म्हणाल्या, "यष्टी कुठं चुकली भाऊसाहेब? तिकिटाचं पैसं बाटलीत गेलं." त्यात तक्रार नव्हती. मी त्यांना मागे बसवून वाडीवर सोडले आणि वीस रुपये पुढे केले. त्या घेईनात. म्हणाल्या, "आवो, दिसभर बसून लिवता तुमी. पिलं तर काय झालं?"

मंडळी, त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. त्या रात्री मला जेवण गेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी याच मंदिरात येऊन शपथ घेतली. बाटली बंद. त्याच भरात चहाही सोडला. दुपारपर्यंत मला मोठे समाधान वाटले. संध्याकाळी डोके दुखायला लागले. दुसऱ्या दिवशी ते ठणकू लागले, कामात चित्त लागेना, एका शेतकऱ्यावर मी विनाकारण ओरडलो. तिसऱ्या दिवशी तीन वाजता उठलो, टपरीवर गेलो आणि लागोपाठ दोन बाटल्या प्यायलो. अर्ध्या तासात डोके उतरले. पण शपथ मोडली म्हणून महिनाभर मी देवळाची पायरी चढलो नाही. आणि शपथ मोडलीच आहे तर आता काय, म्हणून पूर्वीपेक्षा जास्त पिऊ लागलो.

पुढे डोकेदुखीसाठीच ग्रामीण रुग्णालयात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी शांतपणे सगळे विचारून घेतले. ते म्हणाले, "तुमचा निश्चय कच्चा नव्हता, पद्धत चुकली." चहात असते तेच कॅफीन कोलातही असते. रोजची सवय असताना ते एकदम तोडले की बारा ते चोवीस तासांत डोके दुखू लागते, पहिले दोन दिवस फार त्रास होतो आणि साधारण आठवड्याभरात तो जातो. मी चहा आणि बाटली दोन्ही एकदम तोडली होती. हे मला आधी माहीत असते, तर शपथ मोडलीच नसती.

त्यांनी रक्त तपासले. उपाशीपोटी साखर ११४ निघाली. म्हणाले, "मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर उभे आहात." मग हिशेब मांडला. हिशेब माझा प्रांत, म्हणून तो चांगला लक्षात राहिला. अशा पेयात १०० मिलिलिटरला साधारण साडेदहा ग्रॅम साखर असते. म्हणजे २५० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे २६ ग्रॅम, चहाचे सहा चमचे. दोन बाटल्यांचे ५२ ग्रॅम. वर्षाचे १९ किलो! जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले आहे की, दोन हजार कॅलरी खाणाऱ्या माणसाने अशी वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत ठेवावी, आणि २५ च्या आत ठेवली तर अधिक चांगले. माझी मर्यादा नुसत्या बाटल्यांतच ओलांडत होती. पैशाचा हिशेब घरी केला. दोन बाटल्यांचे चाळीस रुपये, वर्षाचे १४,६०० रुपये. त्यातले निम्मे तर दुसऱ्यांच्या खिशातले, हे मनात आले आणि मी वही मिटली.

आता ही सवय कशी सोडली ते सांगतो, कारण तुमच्यापैकी कोणाला उपयोग व्हायचा तर याचाच होईल.

चहा अर्धा अर्धा कप दोन वेळा ठेवला. पहिल्या आठवड्यात फक्त संध्याकाळची बाटली बंद केली. दुसऱ्या आठवड्यात दुपारची अर्धीच प्यायची आणि उरलेली ओतून द्यायची. पैसे देऊन घेतलेले ओतताना जीव तुटे, पण त्याचाही उपयोग झाला. तिसऱ्या आठवड्यात दिवसाआड अर्धी. चौथ्यापासून बंद. डोके एकदाच दुखले, तेही थोडे.

पण डोके राहिले तरी तलफ राहत नाही. तिचे वर्म मला हळूहळू कळले. तलफ जिभेला येते असे आपण म्हणतो, पण ती वेळेला आणि जागेला येते. मला ती तीन वाजताच यायची. जेवण झालेले, पंखा गरगरतोय, समोर गठ्ठे, बाहेर टपरीवर झाकण उघडल्याचा आवाज. रविवारी शेतात असलो की तीन कधी वाजले ते कळतही नसे! म्हणून मी तीनला दहा कमी असतानाच खुर्ची सोडू लागलो. हातावेगळी झालेली दप्तरे घेऊन अभिलेख कक्षात जायचे, ती जागच्या जागी लावायची, येताना माठातले तांब्याभर पाणी प्यायचे. तलफ माझ्या खुर्चीपाशी येई, तेव्हा मी तिथे नसे.

तरी कधी कधी ती गाठायचीच. अशा वेळी काय करावे? कचेरीत कधी कधी एखादा माणूस तावातावाने येतो. त्याच्याशी वाद घातला की तो वाढतो. "बसा, पाणी घ्या," म्हटले की दहा-पंधरा मिनिटांत शांत होतो. तलफेचे तसेच आहे. 'नको, नको' म्हणत तिच्याशी झोंबू नये. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून म्हणावे, 'आलीस, बैस. दहा मिनिटांनी बघू.' दहा मिनिटांनी बहुधा ती उठून गेलेली असते. पहिल्या महिन्यात ती रोज आली, दुसऱ्या महिन्यात आठवड्यातून दोन-तीनदा, पुढे कधीमधी.

तोंडाला काहीतरी लागतेच. घरून ताक नेऊ लागलो, जिरे आणि मीठ घातलेले. फसफसण्याचीच आठवण आली तर साध्या सोड्यात लिंबू आणि मीठ, साखर नाही. कोणी म्हणाले, उसाचा रस प्या, तो नैसर्गिक आहे. पण रसातली साखरही साखरच. बिनसाखरेची बाटली मिळते, तीही घेऊन पाहिली. तिने साखर टळते, पण वेळ तीच, टपरी तीच, गोडाची ओढही तशीच राहिली. म्हणून ती सोडली.

लोकांना नाही म्हणणे सर्वांत अवघड गेले. "मला चालत नाही" म्हटले की लोक आग्रह करतात, "एकीने काय होते?" "मी घेत नाही" म्हटले की गप्प बसतात. टपरीवाल्याला सांगून ठेवले की माझ्या नावाने कोणी बाटली न्यायला आले तर देऊ नकोस, आणि कोणी आणलीच तर न उघडलेली परत घेऊन त्याला पैसे दे. त्याचे गिऱ्हाईक कमी झाले, तरी त्याने हे ऐकले. त्याचा मी ऋणी आहे.

एकदा मोडले. डिसेंबर २०१९ मध्ये भाच्याच्या लग्नात पंगतीला बाटल्या फिरल्या आणि एक घेतली. पुढचे तीन दिवस रोज घेतली. पुन्हा तोच विचार आला की आता मोडलेच आहे. पण या वेळी दुसराही विचार आला. कचेरीत एक दिवस आवक नोंदवायची राहिली म्हणून आपण रजिस्टर फाडून टाकतो का? राहिलेल्या दिवसावर लाल शाईने खूण करतो आणि पुढची नोंद घालतो. मी डायरीत चार लाल खुणा केल्या आणि पाचव्या दिवसापासून पुढे लिहू लागलो. मंडळी, एक दिवस चुकला म्हणून नेम संपत नाही. चुकलेल्या दिवसाची लाज धरून पुढचे दिवस सोडून दिले की मात्र संपतो. मी महिनाभर देवळात आलो नाही, ती माझी खरी चूक होती. चुकलेल्या माणसाने तर आधी यावे.

वर्षाने वजन सहा किलोंनी उतरले, साखर ९७ झाली, पित्ताची गोळी सुटली. हे नुसत्या बाटलीमुळे झाले असे म्हणणार नाही, मी चालूही लागलो होतो. वाचलेल्या पैशांत थोडी भर घालून घरात घरघंटी आली. सौभाग्यवती तिला 'बाटलीची गिरणी' म्हणतात.

माता-भगिनींना एक विनंती आहे. पाहुणा आला की पोराच्या हातात दहा-वीस रुपये देऊन बाटली आणायला पाठवू नका. तो पाहुण्यासाठी आणतो आणि तळाशी उरलेली स्वतः पितो. सवय तिथेच लागते. जत्रेत एखादी जरूर प्यावी, मी कोणाचा आनंद हिरावायला आलो नाही. घरात मात्र ताकाचे भांडे पुढे करावे.

त्या मावशी अजून आहेत. मागे एकदा हयातीच्या दाखल्यासाठी कचेरीत आल्या, तेव्हा मी उठून त्यांना माठातले पाणी दिले. त्यांना ती जुनी गोष्ट आठवत नव्हती. मला रोज तीन वाजता आठवते.

शेवटी कचेरीचा माणूस म्हणून एवढेच सांगतो. आमच्याकडे येताना कागद पुरे आणा, झेरॉक्स आणा, आणि हात मोकळे ठेवून या. दाखला हा तुमचा हक्क आहे. त्यासाठी कोणाला काही पाजावे लागत नाही.



रामकृष्ण हरी.